मंग्या, ते नव्या ड्रायव्हरने झालं नव्हतं

मंग्या,

तुझ्या तेराव्याला मी धड जेवलो नाही, हे तुझ्या आईच्या लक्षात आलं. तिला वाटलं, मित्र गेला म्हणून घास उतरत नसेल. तसं असतं तर बरं झालं असतं. माझं पोट दुखत होतं, आणि ते कशाने दुखत होतं ते जगात तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. शाळेपासूनचं दुखणं आहे ते. माणूस गेल्यावर तरी थांबेल असं मला वाटलं होतं, पण नाही थांबलं.

चाळीच्या गॅलरीत पंगत बसली होती आणि जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. एकाचा गेम दर दोन मिनिटांनी बंद पडायचा, तो तू नुसत्या फोनवरून बरा केला होतास. दुसऱ्याला दुकानदाराने नवं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारायचा घाट घातला होता, तर तू येऊन गेममधल्या सावल्या कमी केल्यास आणि जुन्या कार्डावरच त्याचं भागवून दिलंस. शिवडीच्या गोदामातला तुझा साहेबसुद्धा आला होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस, मला सांगत होता की विमान उडवायचा गेम तो केवळ मंगेशमुळे खेळू शकतो. मी मान डोलावत होतो. मग आपला गिरगावचा जित्या, झेरॉक्सवाला, पानातला भात कालवता कालवता म्हणाला, "आता आपली मशिनं कोण बघणार रे?"

मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. कॉम्प्युटरची पदवी घेतलेला मी, एवढी वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी करणारा मी. आणि हा प्रश्न त्याने समोरच्या भिंतीला विचारला.

त्यावर कडी म्हणजे पंगत उठल्यावर तुझी आये माझ्याजवळ येऊन बसली. "विनायका," ती म्हणाली, "ह्यो त्या डब्यांक काय करी रे? एवढी माणसा येतत, माका कायच म्हायत नाय."

आता आली का पंचाईत. तुझी थोरवी तुझ्या आईला मीच समजावून सांगायची. मी सांगितलं. म्हटलं, आये, गेम म्हणजे नुसती चित्रं असतात. एका सेकंदात साठ चित्रं एकामागोमाग दाखवली की ती हलल्यासारखी दिसतात. ती चित्रं काढतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि त्या कार्डाला काम सांगणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. एखादं चित्र उशिरा आलं की गेम अडखळतो. मंगेश ते अडखळणं काढून द्यायचा.

आयेने पदर सारखा केला. "ह्येचो बापूस तसोच," ती म्हणाली. "मागाच्या आवाजावरना वळखी, धागो खय तुटलो तो." मग म्हणाली, "माझो झील कधी कोणाक नाय म्हणूक नाय." आणि रडायला लागली. मीही रडलो. पण त्या रडण्यातसुद्धा मी हिशेब करत होतो की माझ्या तेराव्याला माझ्याबद्दल असं कोण बोलेल. इतका मी नालायक आहे.

लोक म्हणतात मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी तुझ्याबद्दल वाईट बोलतच नाहीये, मी माझ्याबद्दल बोलतोय. आपण लालबागच्या एकाच मजल्यावर दोन खोल्यांच्या अंतराने वाढलो. गल्लीतल्या सायबर कॅफेत आपण एकाच दिवशी पहिल्यांदा गेलो, शेजारशेजारच्या मशीनवर बसलो. मी दणादणा खेळायला लागलो आणि तू सेटिंगच्या पानावर जाऊन वाचत बसलास. अर्धा वेळ तू वाचण्यात घालवलास म्हणून मी हसलो होतो. महिन्याभरात कॅफेचा मालक स्वतःचं मशीन बिघडलं की तुला बोलवायला चाळीत यायला लागला. तो आमच्या दारावरून पुढे जायचा. ती चपलांची फटफट मला अजून ऐकू येते.

पुढे मी शिकलो, चांगल्या नोकरीला लागलो, परळला तेविसाव्या मजल्यावर घर घेतलं. ज्या गिरणीत तुझे बाबा मागावर होते, तिच्याच जागेवरची ही इमारत. तू चाळीतच राहिलास, गोदामातल्या ट्रकांच्या पावत्या करत. म्हणजे मी पुढे गेलो होतो की नाही, सांग ना. मग रविवारी सकाळी आपण पाचजण आपापल्या घरून हेडफोन लावून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला बसायचो तेव्हा माझ्या नव्याकोऱ्या कार्डावर वळणावर हिसका का बसायचा, आणि तुझ्या कोणीतरी वापरून टाकलेल्या कार्डावर तीच गाडी तेल लावल्यासारखी का जायची?

तुझी पद्धत मला तोंडपाठ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की गेममधला तोच रस्ता, त्याच गाडीने, तीन वेळा चालवायचा. मग पुढची गोष्ट. सावल्या एक पायरी खाली, तीन फेऱ्या. पाण्यातलं प्रतिबिंब बंद, तीन फेऱ्या. सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो, त्याच्यावर तू कॅलेंडरच्या पानाचा तुकडा चिकटवून ठेवायचास. "आकडा बघून गाडी चालवतोस की रस्ता बघून?" असं मला विचारायचास. आणि कार्डाला कितीही जमत असलं तरी तू त्याला साठच्या वर जाऊ द्यायचा नाहीस. कधी ऐंशी आणि कधी पंचेचाळीस यापेक्षा सलग साठ बरे, हे तुझं ठरलेलं वाक्य. तुझा मॉनिटरही साठचाच होता, त्यामुळे सगळं एकमेकांत बसायचं.

माझ्याकडे एवढा धीर कुठला? मी एका दमात दहा गोष्टी बदलायचो. सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळायचं नाही आणि बिघडलं तर कार्ड बनवणाऱ्याला शिव्या घालायचो. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

आणि तुझी परीक्षक तर घरातच होती. सुजाता वहिनी कधी गेम खेळल्या नाहीत. लसूण सोलत नाहीतर मटार निवडत तुझ्या मागे बसायच्या आणि मधेच मान वर करून म्हणायच्या, "आता नाही अडखळत." त्या म्हणाल्या की तू थांबायचास. मी एकदा माझ्या बायकोला म्हटलं, जरा बघ ना कसं दिसतंय. ती म्हणाली, "छान आहे, पण पडदे धुवायला कधी टाकायचे?" मला त्या लसणाचासुद्धा हेवा वाटायचा, मंग्या.

तुझे उपकारही आहेत माझ्यावर, तेही लिहायला हवेत. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता त्या दीड महिन्यात तू तीनदा परळला आलास. सगळी बटणं डाव्या हाताला सोयीची करून दिलीस, गाडीचं वळणं मऊ केलंस, म्हणजे चुकून जोरात दाबलं तरी ती कठड्यावर जाऊ नये. तीन तास खपलास. मग बरोबर झालंय का ते बघायला म्हणून स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून डाव्या हाताने एक फेरी मारलीस, आणि ती माझ्या दोन्ही हातांच्या फेरीपेक्षा चार सेकंदांनी लवकर आली. तू ती वेळ पुसून टाकलीस, मला दिसू नये म्हणून. मला दिसली होती. तू गेल्यावर मी बायकोला म्हटलं, हा मुद्दाम शहाणपणा दाखवायला येतो.

आपलं खरं भांडण होतं ते ड्रायव्हरचं. नवा ड्रायव्हर आला की मी त्याच दिवशी टाकणार. कंपनीत एवढी शिकलेली माणसं बसलीत, ती काय उगाच नवा काढतात? आणि तू आठ-आठ महिने तोच जुना धरून बसणार. "चालतंय ना? मग कशाला उसवतोस?" एवढंच तुझं उत्तर. मी तुला मागासलेला म्हणायचो. तू मला म्हणायचास की मी नवीन सिनेमा लागला की पहिल्या दिवशी जाणाऱ्यांतला आहे, मग तो कसाही असो. या भांडणात मी एकदाही जिंकलो नव्हतो, कारण शेवटी दोघांची मशिनं लावून बघितली की तुझं सरळ चालायचं.

मागच्याच्या मागच्या गणपतीत मी सगळ्यावर कडी करायची ठरवली. नवं कार्ड घेतलं, आणि सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा मोठा मॉनिटर. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, तेव्हा दर्शनाच्या निमित्ताने तुम्हां सगळ्यांना बोलावलं. बाप्पा बैठकीच्या खोलीत होता आणि मॉनिटर आतल्या, पण मी प्रत्येकाला आधी आत नेत होतो. खरं सांगू? मला स्वतःला त्या मॉनिटरवर जुन्यापेक्षा काही वेगळं दिसत नव्हतं. पण ते कोणाला सांगणार? जित्या बापडा "कडक" म्हणाला, बाकीचे "मस्त" म्हणाले.

तू खुर्चीत बसलास. गेम लावलाच नाहीस. नुसता माऊस हातात घेतलास आणि रिकाम्या स्क्रीनवर त्याचा बाण गोल गोल फिरवलास, तीन-चार वेळा. मग माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, बाजूला उभ्या असलेल्या तिघांकडे बघितलंस आणि म्हणालास, "छान आहे."

त्या दोन शब्दांनी मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तुझा आवाज कोरडा होता. मला वाटलं, जळला. जन्मात एकदा मंग्या माझ्यावर जळला.

तेवढ्यात बाहेरून आरतीला हाक आली. सगळे उठले. तू म्हणालास, "व्हा पुढे, आलोच." तू आलास तो थेट शेवटी, प्रसाद वाटायला सुरुवात झाली तेव्हा. माझ्या बायकोने ते बघितलं. घरचा गणपती सोडून हा माणूस कॉम्प्युटरसमोर बसला, असं ती नंतर म्हणाली आणि मीही तिच्या होला हो केलं. तू उदबत्तीच्या धुरात उभं राहून मोदक खात होतास.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं तर नेमका नवा ड्रायव्हर आलेला. मी लगेच टाकला आणि गेम सुरू केला. मंग्या, तो रस्ता पाण्यासारखा वाहायला लागला. मी असं काही उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. ज्या वळणावर मला वर्षानुवर्षं हिसका बसत होता तिथून गाडी अशी गेली की मी खुर्चीत मोठ्याने हसलो. आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता मंग्याला दाखवतो.

मी आपल्या ग्रुपवर लिहिलं. आधी नव्हतं, ड्रायव्हर टाकला आणि झालं, हा घ्या पुरावा. जुन्याला चिकटून बसणाऱ्यांनी बोध घ्यावा, असंही लिहिलं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पुढच्या रविवारी जित्याच्या दुकानात आपण चहाला जमलो तेव्हा मी विषय काढला आणि सोडलाच नाही. तुझ्याकडून वदवून घ्यायचंच असं ठरवून आलो होतो. मी म्हटलं, "बोल ना मंग्या, सगळ्यांसमोर बोल. नव्या ड्रायव्हरने झालं की नाही?"

तू कपातला चहा संपवलास. सावकाश संपवलास. मग म्हणालास, "हो रे विन्या. तुझ्या नव्या ड्रायव्हरने झालं."

तो माझा दिवस होता. घरी येताना मी चर्नी रोडपर्यंत उड्या मारायचाच काय तो बाकी होतो.

त्यानंतर तू माझ्याकडे आला नाहीस. रविवारचा गेम चालू होता, चहा चालू होता, पण परळला तू फिरकला नाहीस. बोलावलं की काही ना काही कारण. मी समजलो, नाक कापलं गेलं म्हणून येत नाही. मी बायकोला तसं सांगितलंही, मोठ्या समाधानाने. शेवटचा तू मला भेटलास लालबागच्या नाक्यावर, हातात मासळीची पिशवी. बांगडा स्वस्त झालाय, येतोस का जेवायला, असं विचारलंस. मी घाईत होतो. जाता जाता विचारलं, "ड्रायव्हर बदललास की नाही अजून?" तू म्हणालास, "नाही रे, चालतंय." हे आपलं शेवटचं बोलणं. आतासुद्धा ते मला धड शोकाने आठवत नाही, कारण त्या वेळी मी तुला चिडवत होतो आणि मला मजा येत होती.

तर तेराव्याहून घरी आलो तो असा जळत. आपली मशिनं कोण बघणार म्हणे. मी म्हटलं, दाखवतोच. माझं मशीन पुसून पहिल्यापासून लावायचं, विंडोजपासून सगळं नवं, आणि ते असं लावायचं की जित्याने येऊन बघावं आणि आपणहून त्याचा डबा माझ्या हाती द्यावा. शनिवारी सगळं पुसलं. विंडोज टाकलं, सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकला, गेम लावला.

गेम जड झाला होता. धावत होता, पण पूर्वीचं ते वाहणं गेलं होतं. मी नेहमीप्रमाणे एका दमात दहा गोष्टी बदलल्या. काही नाही. दुसरा ड्रायव्हर, तिसरा ड्रायव्हर, काही नाही. ज्याच्या जोरावर तुझ्यावर जिंकलो होतो तो ड्रायव्हर शोधून काढला आणि तोच टाकला. तोही टाकून काही नाही, मंग्या. तेव्हा मी ग्रुपवरचा माझा तो जुना मेसेज काढून परत वाचला. कारण त्याने झालं होतं ना? तू स्वतः म्हणाला होतास.

चौथ्या दिवशी दुसरं काही सुचेना म्हणून तुझ्यासारखं करायला बसलो. एकच गोष्ट बदलायची, तीन फेऱ्या. दुसरी, तीन फेऱ्या. माझा जीव वर-खाली होत होता, पण बसलो. गेममधलं सगळं संपलं तेव्हा विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरलो. स्क्रीनचं पान, त्याच्या आत आणखी एक पान. तिथे लिहिलेलं, हा मॉनिटर सेकंदाला किती चित्रं दाखवतोय. साठ. बाजूला यादी होती ती उघडली, तर खाली शेवटी एकशे चव्वेचाळीस.

मॉनिटर कितीही भारी आणा, विंडोज त्याला साठवरच सुरू करतं. त्याला आपण हाताने सांगावं लागतं. शेंबड्या पोरांना माहीत असतं हे. मला नव्हतं, किंवा असेल, पण नवीन मॉनिटर घेतल्याच्या मस्तीत मी ते बघितलंच नाही. मी एकशे चव्वेचाळीस केलं आणि स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली. माऊस हलवला आणि मला कळलं. बाण गोल फिरवला की साठवर तो तुटक तुटक दिसतो आणि एकशे चव्वेचाळीसवर सलग. तू बसल्या बसल्या ते ओळखलं होतंस.

या पानावर मी जन्मात आलो नव्हतो. मग दोन वर्षांपूर्वी ते कोणी बदललं? त्या खुर्चीत माझ्याखेरीज एकटा कोण बसला होता?

मी चपला घातल्या आणि चालत लालबागला गेलो. घरातून खाली उतरताना लिफ्टमध्ये मी अजून काहीतरी दुसरं कारण शोधत होतो.

सुजाता वहिनी कपडे घड्या घालत होत्या. तुझे शर्ट. मी उभ्या उभ्याच विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ह्यांनी सांगितलेलं मला, भावजी. त्याच दिवशी, जेवताना. विन्याचा मॉनिटर साठवर पडलाय, बोलले. मी बोलले, मग सांगितलं का? तर म्हणे, चार माणसांत कसं सांगू, घरात गणपती त्याच्या. गप बदलून टाकलं."

"आणि मी ते ड्रायव्हरचं लावलं तेव्हा?"

"तेव्हा तापलेले. दोन दिवस नुसती तणतण. मी बोलले, फोन करा आणि सांगून टाका. तर बोलले, आता सांगितलं तर त्याला वाटेल मी जळून बोलतोय." वहिनींनी शर्टाची घडी मोडून परत घातली. "आणि जळत होतेच ना ते."

"कोण, मंगेश?"

"मग कोण? तुमच्याकडे ते एकशे काय ते केलं आणि दोन मिनिटं खेळून बघितलं. घरी आले तर आपला स्क्रीन त्यांना बघवेना. अडखळतो बोलले. मी म्हटलं, कुठे अडखळतोय, कालच्यासारखाच तर आहे. तर बोलले, तुला नाही कळायचं, आता मला दिसलं ते दिसलं. आठ दिवस मशीनला हात नाही. मग हळूहळू सवय झाली परत. म्हणूनच यायचे नाहीत तुमच्याकडे. आलो की परत आपलं खराब दिसेल, बोलायचे." त्यांनी पुढचा शर्ट उचलला. "मला बोललेले, यादी उघडून बसलेलो आणि दोन मिनिटं हात उचलेना माझा. राहू दे साठवर, त्याला कुठे कळतंय, असं वाटलं."

मी तुझ्या खुर्चीवर बसलो. खोटं कशाला बोलू, मंग्या, पहिल्यांदा मला आनंदच झाला. तू माझ्यावर जळत होतास. ज्याची मी शाळेपासून वाट बघत होतो ते खरोखरच झालं होतं, नुसतं एका संध्याकाळपुरतं नाही, आणि मला पत्ता नव्हता. तो आनंद जिना उतरेपर्यंत टिकला. खालच्या पायरीवर आलो तेव्हा लक्षात आलं की तू मॉनिटर बघायला यायचं टाळत होतास आणि मी समजत होतो तू हरलास. दोन वर्षं आपण एकमेकांवर जळत एक मैलाच्या अंतरावर बसून राहिलो. तो मॉनिटर मी उचलून एक रविवार तुझ्याकडे आणला असता तरी चाललं असतं. तू म्हणाला असतास, कशाला रे, आणि मग सोडला नसतास. तू तुझ्या सवयीने सगळ्या सावल्या खाली केल्या असत्यास, तीन-तीन फेऱ्या मारल्या असत्यास, वहिनींनी लसूण सोलत मान वर केली असती. मला ते बघायला आवडलं असतं. जळलो असतो, पण आवडलं असतं.

तुझा मला राग येतो. ज्या भांडणात मी एकदाच जिंकलो तेही तूच मला दिलेलं निघालं. आणि ते सांगायला तू आता नाहीस, भांडायलाही नाहीस. मला तुझ्याशी कडाक्याचं भांडायचंय की तू त्या दुकानात "हो रे विन्या" का म्हणालास. तू नाही म्हणाला असतास तर मी चिडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, आणि नवव्या दिवशी तू परळला आला असतास.

परवाच्या रविवारी मी जित्याच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं. जसं झालं तसं. ड्रायव्हरने काही झालं नव्हतं, मंग्याने मॉनिटर लावून दिला होता आणि मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिला. कोणी हसलं नाही. जित्या ग्लास पुसता पुसता म्हणाला, "तसाच होता रे तो." मग त्याने त्याचं मशीन माझ्यासमोर सरकवलं, बघ म्हणाला, हल्ली मधेच थांबतं. मी बघितलं. एका वेळी एकच गोष्ट. झालं बरं. पूर्वी जित्याच्या त्या एका 'बघ'साठी मी तडफडत होतो आणि आता ते ऐकून काही वाटलं नाही.

त्यांना मी एवढंच सांगितलं. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही, वहिनींनाही नाही.

तुझा हात दोन मिनिटं थांबला होता, हे ऐकल्यापासून मी ती संध्याकाळ उलटी करून बघतोय. गणपती तुझ्या घरचा. कार्ड तुझं, मॉनिटर तुझा, आणि खुर्चीत मी एकटा. बाहेर तुम्ही सगळे उभे आहात, टाळ वाजतायत. माझ्यासमोर ती यादी उघडी आहे, वर साठ आणि खाली एकशे चव्वेचाळीस. माझाही हात थांबतो. मी रोज बघतोय, आज तरी तो पुढे सरकतो का म्हणून. नाही सरकत, मंग्या. मी ते पान बंद करतो, बाहेर येऊन तुझ्या शेजारी उभा राहतो, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात आरती म्हणतो.

तुझा,
विन्या